तळ्याकाठचे कामतघर

'कामत' हा शब्द कानावर पडला की तुम्हा-आम्हा शहरवासीयांना आधी इडली आठवते. त्यामुळे "उद्या जरा कामतघरला जाऊन येतो" असे मी घरात जाहीर करताच धाकट्या चिरंजीवांनी "मीपण! मला मसाला डोसा!" अशी मागणी नोंदवून ठेवली. सौभाग्यवतींनी नेहमीचा प्रश्न विचारला, "तिथं आहे तरी काय?"

प्रश्न रास्त होता. कामतघरात किल्ला नाही, लेणी नाहीत, थंड हवा नाही. तेथे एक तळे आहे, तळ्याच्या काठी एक देवी आहे आणि त्या दोहोंच्या आसऱ्याने टिकून राहिलेले एक गाव आहे. एवढ्यासाठी मी गेलो. आणि एकदा जाऊन समाधान होईना म्हणून वर्षभरातल्या निरनिराळ्या दिवसांत चार-पाच वेळा गेलो.

आधी नावाचा उलगडा करू. कन्नडात 'कमत' म्हणजे शेतकाम. तेलुगूत 'कमतम्' म्हणजे कसण्याची जमीन. गोव्या-कारवारकडचे कामत हे आडनावही याच कुळातले मानतात. तेव्हा कामतघर म्हणजे शेतावरचे घर, असा अर्थ मी आपला मनाशी लावून घेतला. आज तेथे नाव घेण्याजोगे शेत उरलेले नाही; घरे मात्र मोजता येणार नाहीत इतकी झाली आहेत. नावाचा अर्धा भाग आटला आणि उरलेला अर्धा फुगला.

जायचे कसे?

भिवंडी तालुक्यात हौसेने जाणारी मंडळी वज्रेश्वरीला जातात. चिमाजी अप्पांनी वसईच्या मोहिमेत देवीला नवस बोलला आणि 1739 साली वसई सर झाल्यावर तो फेडला गेला, ही कथा बहुतेकांना ठाऊक असते. शिवाय तेथे गरम पाण्याची कुंडे आहेत; म्हणजे पुण्य आणि गुडघेदुखीवरचा उपाय एकाच फेरीत. जरा अभ्यासू माणसे लोणाडची लेणी आणि शिलाहारांच्या खुणा पाहून येतात. शिवाजी महाराजांनी 1657 साली, ऐन दिवाळीच्या तोंडावर, कल्याण आणि भिवंडी घेतली, हे इतिहासाची गोडी असणाऱ्यांना आठवते. पण खुद्द भिवंडीत जाणारा माणूस हा सहसा कापडाचा व्यापारी असतो, नाहीतर ट्रकचा ड्रायव्हर, नाहीतर गुदामातला कारकून. सहलीला म्हणून भिवंडीत उतरणारा मनुष्य माझ्याशिवाय दुसरा कोणी असेल तर त्याला भेटायला मला आवडेल.

आणि तरी, वाचकहो, भिवंडीचे आणि तुमचे नाते फार जवळचे आहे. या दिवाळीत टेलिफोनवर बोटे फिरवून तुम्ही जी वस्तू मागवली आणि जी दुसऱ्या दिवशी खोक्यात बसून दाराशी आली, ती कदाचित भिवंडीच्या गुदामातूनच निघालेली असेल. तुमच्या उशीचा अभ्रा, परकराचे कापड, कोटाचे अस्तर, यांतले काहीतरी भिवंडीच्या मागावर विणलेले असण्याचा संभव तर त्याहून जास्त. आपण भिवंडीला जात नसलो, तरी भिवंडी आपल्या घरी नित्य येत असते.

कामतघर भिवंडीच्या दक्षिण अंगाला आहे. आगगाडीने जायचे म्हटले तर दिवा-वसई मार्गावर 'भिवंडी रोड' नावाचे स्टेशन आहे. रेल्वेच्या भाषेत 'रोड' याचा अर्थ 'आम्ही येथवर आणले, पुढचे तुम्ही बघा' असा असतो. गाड्याही मोजक्या. म्हणून बहुतेक लोक ठाण्याहूनच निघतात. कशेळीचा पूल ओलांडताना खाडीचा खारा वास येतो आणि क्षणभर बरे वाटते. पुढे काल्हेर, पूर्णा, रस्त्याकडेला गुदामांमागून गुदामे, आणि वर मेट्रोचे भले थोरले खांब. अंजूर फाट्याला उतरावे. वसईच्या मोहिमेसाठी ज्या गंगाजी नाईक अंजूरकरांनी खटपट केली, त्यांच्या गावाकडे वळणारा हा फाटा. येथून शेअर रिक्षात, दोघांच्या मध्ये अर्धा आणि ड्रायव्हरच्या शेजारी पाव असे बसून, कामतघरला पोहोचायचे.

मागांच्या गर्दीतले गाव

भिवंडी कोठे संपते आणि कामतघर कोठे सुरू होते, हे सांगणारी वेस आता नाही. गाव महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. भिवंडी-निजामपूर शहर महानगरपालिका 2001 साली झाली. 2011 च्या जनगणनेत तिची वस्ती सात लाखांवर भरली. त्या सात लाखांत कामतघरची आळी शोधायची म्हणजे खिचडीतला एक तांदूळ शोधण्यासारखे आहे. पण शोधता येतो. मुख्य रस्ता सोडून आत शिरले की गल्ली अरुंद होते, उंच इमारतींच्या बगलेत एखादे कौलारू घर दिसते, घरापुढे ओटा दिसतो आणि ओट्यावर बसलेले माणूस "कोनाकरं आलाव?" म्हणून विचारते. इमारतीतला माणूस हा प्रश्न कधी विचारणार नाही. त्या प्रश्नापासून गाव सुरू होते असे खुशाल समजावे.

मूळची वस्ती आगरी समाजाची. आगर म्हणजे मिठागर. खाडीकाठी मीठ पिकवणारे आणि खाडीपासून वर सरकले की भात पिकवणारे हे लोक. यांच्या बोलीत 'ळ'चा 'ल' होतो, 'ण'चा 'न' होतो आणि 'ड'चा पुष्कळदा 'र' होतो. म्हणून तळे हे 'तलं', पाणी हे 'पानी' आणि गाडी ही 'गारी'. ऐकताना पहिल्या पाच मिनिटांत हसू येते. सहाव्या मिनिटाला असे वाटू लागते की आपणच शब्दांना उगीच जड करून ठेवले आहे. लग्नात मंत्र म्हणणाऱ्या भटजींच्या बरोबरीने येथे 'धवलारीण' लागते. धवले गाऊन लग्न लावणारी ही बाई. शेकडो ओळींची तिची गाणी कोणत्याही पोथीत पाहून म्हटलेली नसतात. एका म्हातारीच्या तोंडून दुसरीच्या तोंडी अशी ती आलेली असतात. हळदीच्या रात्री तांदळाच्या भाकऱ्या आणि खाडीची मासळी यांची जी पंगत उठते, तिचे वर्णन शाकाहारी वाचकांच्या भावना जपण्यासाठी मी येथे आवरते घेतो.

गल्लीच्या दुसऱ्या टोकाला मात्र निराळेच जग असते. पत्र्याच्या लांबट शेडमध्ये माग चालत असतात. 1857 च्या धामधुमीनंतर उत्तरेकडचे मोमीन विणकर भिवंडीत येऊन स्थिरावले, त्यांच्यामागून यंत्रमाग आले, त्यांच्यामागून तेलंगणातले पद्मशाली विणकर आले. कामतघरच्या शेजारचे पद्मनगर हे त्यांचेच. धोटा एका बाजूने दुसऱ्या बाजूला फेकला जातो, थडकतो, परत येतो. एक धोटा ऐकला तर गोड वाटेल; शंभर धोटे एकदम ऐकले म्हणजे आपला आवाज आपल्यालाच येत नाही. एक कामगार चार-सहा माग सांभाळतो, बारा-बारा तास उभा राहतो. त्याचे जेवण 'बिशी'त. बिशी म्हणजे महिन्याच्या बोलीवर चालणारी खाणावळ. घर दूर उत्तर प्रदेशात, बिहारात किंवा तेलंगणात. येथे एक खाट, एक माग आणि बिशीतले एक ताट. त्यातलेही पुष्कळ माग गेल्या काही वर्षांत भंगाराच्या भावाने गेले. एका शेडच्या दाराशी लोखंडाचा ढीग तराजूवर चढताना मी पाहिला. शेडचा मालक बाजूला उभा राहून विड्या ओढत होता आणि त्याच्याशी बोलावे असे मला वाटले नाही.

परदेश पाहून आलेले आपले मित्र फ्रान्समधल्या लहान खेड्यांची वर्णने सांगतात: मध्ये एक चर्च, त्याची घंटा, पाव भाजणारा एक भटारी आणि चौकातला कारंजा, या चार गोष्टी जागेवर असल्या की गाव जागेवर आहे म्हणायचे. ते ऐकताना मला कामतघर आठवते. येथे घंटेच्या जागी धोटा आहे, भटाऱ्याच्या जागी बिशी आहे आणि कारंजाच्या जागी तळे आहे. देवी त्यांच्या चर्चहून कमी जागृत नाही.

वऱ्हाळादेवीचे तळे

गल्ली संपते आणि एकदम आकाश दिसते. इतका वेळ आकाश नव्हते हेही तेव्हाच ध्यानात येते. समोर वऱ्हाळादेवीचे तळे पसरलेले असते. भिवंडीतले हे सर्वांत मोठे तळे. एका काठाला कामतघर, दुसरीकडे फेणेगाव; पाण्याच्या कडेला देवीचे देऊळ, उतरत गेलेल्या पायऱ्या आणि त्या पायऱ्यांवर दिवसाच्या कोणत्याही प्रहरी बसलेली पाच-पंचवीस माणसे. यांतला कोणी रात्रपाळी करून आलेला असतो, कोणी पेन्शनर, कोणी शाळा बुडवलेला. शुक्रवारी दुपारी नमाज आटोपून आलेली दोन पोरे गळ टाकून बसली होती. त्यांच्या गळाला तासाभरात काही लागले नाही, पण दोघांच्या तोंडावरचे समाधान ढळले नाही.

देवळाच्या पायरीवर मला एक आजी भेटल्या. वय विचारले तर म्हणाल्या, "पाऊस मोजलं नाय मी." पण तळ्याच्या पायऱ्या त्या मोजतात. उन्हाळ्यात पाणी उतरले की किती पायऱ्या उघड्या पडल्या, त्यावरून त्यांचे वर्ष बरे की वाईट ते ठरते.

"आजी, गाव किती बदललं, नाही?" मी आपले शहरी संभाषण सुरू केले.

"गावाचा काय विचारतंस, पोरा," त्या म्हणाल्या. "खाचरा गेली, गुरा गेली, विहिरी बुजल्या. तलं हाय तवर गाव हाय. तलं गेलं का मंग नुसता पत्ता ऱ्हाल."

मी वहीत ते वाक्य लिहून घेऊ लागलो, तेव्हा त्यांनी वहीकडे संशयाने पाहिले. "महापालिकेचा हायस काय?" नाही म्हटल्यावर मला प्रसादाचे खोबरे मिळाले.

वलगणीचे मासे

खाचरे गेली म्हणजे काय काय गेले, ते मला शेजारी बसलेल्या एका काकांनी समजावून सांगितले. भात गेले हे तर दिसतेच. वैशाखात राब भाजणे गेले, आवणाच्या जुड्या गेल्या, दिवाळीच्या सुमारास हळव्या भाताची कापणी आणि त्या नव्या भाताचे पोहे गेले. पण काकांना सर्वांत जास्त हळहळ वलगणीची.

वलगण म्हणजे काय, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला, ओढे भरून वाहू लागले, की तळ्या-नाल्यांतले मासे अंडी घालण्यासाठी पाण्याच्या धारेच्या उलट वर चढतात आणि थेट भाताच्या खाचरांत शिरतात. खाचरातले पाणी उथळ आणि उबदार. पिलांना खायला तेथे मुबलक आणि मोठ्या माशांचे भय कमी. पाऊस वाढला की पिले धारेबरोबर परत खाली उतरतात. त्या पहिल्या पावसाच्या रात्री सारे गाव कंदील आणि टोपल्या घेऊन बांधावर. काका सांगत होते, "मासा पायाला लागायचा हो! धरायला अक्कल नको, नुसते हात पायजेत." मग स्वतःच जरा थांबून म्हणाले, "तेही चुकीचंच म्हना. पोटात अंडी असलेला मासा धरायचा. पन तवा एवढा मासा व्हता, का कोन इचार करतंय."

आज मासा तळ्यात आहे, पाऊसही पडतो. पण मधले खाचर नाही. तेथे इमारत आहे, इमारतीपुढे सिमेंटचे गटार आहे. मृगाच्या पावसात त्या माशांना अजूनही वर चढावेसे वाटत असेल काय, असे मी काकांना विचारले. ते म्हणाले, "वाटल्यावर काय करतील? आमाला पन वाटतं."

एकच पाणी

भाद्रपद, आश्विन आणि कार्तिक या तीन महिन्यांत या तळ्याला उसंत नसते.

भाद्रपदात गणपती येतात. कामतघरचा घाट, वऱ्हाळादेवीचा घाट, फेणेगावचा घाट, सगळीकडून मूर्ती पाण्याकडे निघतात. आश्विन लागता लागता पद्मनगरातल्या तेलुगू बायकांची बतुकम्मा सुरू होते. तरवडाची पिवळी फुले, कुरडूचे तुरे आणि झेंडू यांचे थरावर थर रचून त्या फुलांचे गोपुर बनवतात, भोवती फेर धरतात, टाळ्या देतात आणि शेवटच्या दिवशी ते गोपुर पाण्यावर सोडतात. आपल्या भोंडल्याची ही थोरली बहीण. फेरातली एक मुलगी स्वच्छ मराठीत मला अर्थ सांगत होती. तिची आजी करीमनगरकडून आली. "आजीच्या गावी सणाला तळं लागायचंच," ती म्हणाली. "इथं आल्यावर आजोबांनी आधी माग बघितला आणि आजीनं आधी तळं बघितलं."

आणि दिवाळीचे दिवे विझून सहा दिवस झाले, की कार्तिक शुद्ध षष्ठीला छठ. बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातली कुटुंबे सुपांत ऊस, फळे आणि ठेकुआ घेऊन येतात. संध्याकाळी कमरेइतक्या पाण्यात उभे राहून मावळत्या सूर्याला अर्घ्य देतात आणि पहाटे पुन्हा उगवत्याला. बारा तास मागापुढे उभे राहणारी माणसे त्या दिवशी आपखुशीने पाण्यात उभी असतात. त्यांचे चेहरे पूर्वेला वळलेले असतात आणि पूर्वेलाच त्यांचे घर असते.

त्याच काठावर वऱ्हाळादेवी नवरात्रात नऊ दिवस सजून बसलेली असते. तिने कोणाला 'कोनाकरं आलाव?' म्हणून विचारल्याचे ऐकिवात नाही. भिवंडीने 1970 आणि 1984 साली दंग्यांचे भयंकर दिवस पाहिले आहेत. त्या शहरात एका पाण्याला इतक्या भाषांतली माणसे हात जोडून उभी राहतात, ही गोष्ट मला कोणत्याही लेण्याइतकी पाहण्याजोगी वाटली.

पाण्याचा हिशेब

येथवर सारे गोड झाले. आता थोडे कडू.

भिवंडीचे बहुतेक पिण्याचे पाणी बाहेरून येते, 'स्टेम'च्या योजनेतून आणि मुंबई महापालिकेच्या जलवाहिन्यांतून. पण थोडा वाटा आजही या वऱ्हाळा तळ्याचा आहे. म्हणजे ज्या पाण्यात आपण देव सोडतो, तेच शुद्ध करून कोणाच्या तरी हंड्यात जाते. पूर्वी गणपती शाडूचा असे, मातीचा देव मातीत मिळून जाई. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती तशी विरघळत नाही. ती तळाशी बसते, आणि तिचा रंग पाण्यात उतरतो. शंभर मूर्ती असताना तळ्याने ते सोसले. वस्ती सात लाखांवर गेल्यावर श्रद्धा तीच राहिली, तळे तेवढेच राहिले. हिशेब मात्र बदलला. 2025 साली मुंबई उच्च न्यायालयाने सहा फुटांपर्यंतच्या गणेशमूर्ती कृत्रिम तलावातच विसर्जित करण्याचे बंधन घातले, तेव्हा गावोगाव पुष्कळ कुरकुर झाली.

ती कुरकुर मी पायरीवरही ऐकली. एक तरुण तावातावाने म्हणत होता, "देवाला हौदात बुडवायचं? आमच्या बापजाद्यांनी तळ्यात सोडला." मघाच्या आजी ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "तुज्या बापजाद्यांचा गनपती एवढुसा व्हता," आणि त्यांनी हाताने वीतभर उंची दाखवली. "आनि ते ह्याच तल्याचा पानी पीत व्हते." तरुण गप्प झाला. पटले म्हणून की आजी नात्यातल्या होत्या म्हणून, ते मला कळले नाही. पण नात्यातल्या आजीपुढे तरुण गप्प होतो, एवढे तरी ते अजून गाव आहे.

गणपती हे एक निमित्त झाले. सांडपाणी कोठून येते, काठ कोठवर भरत आणला आहे, बतुकम्माची आणि छठची फुले दुसऱ्या दिवशी कोण उचलतो, हे प्रश्न वर्षभराचे आहेत. माग बंद पडला तर दुसरा धंदा काढता येतो. माणसे नाइलाजाने का होईना, तो काढतात. खाचरांच्या जागी इमारती आल्या, त्या कोणी पाडून पुन्हा भात लावणार नाही. ज्याच्यावर या साऱ्या मंडळींचा सारखा हक्क आहे आणि जे एकदा गेले की कोणालाच परत आणता येणार नाही, असे कामतघरात एवढे एकच उरले आहे.

तुम्हांला जायचे असेल तर मार्गशीर्षाच्या सुमारास जावे. सण आटोपलेले असतात, पाणी निवळ होऊ लागते आणि हवेत गारवा असतो. बरोबर खाण्याचा डबा न्यावा, पण कागद-पिशव्या परत आणाव्यात. देवीपुढे नारळ ठेवावा आणि पायरीवर थोडा वेळ नुसते बसावे. मध्येच कधीतरी वीज जाते. शेडमधले धोटे एकाएकी थांबतात आणि इतका वेळ दबून गेलेले आवाज वर येतात: पाण्यात कोणी बुचकळ्या मारतो तो, कोठल्यातरी ओट्यावरची हाक, देवळातली घंटा. ते ऐकून घ्यावे. पाच-दहा मिनिटांत वीज परत येते आणि माग पुन्हा सुरू होतात.

मी शेवटी गेलो तेव्हा आजींनी मला पायऱ्यांचा आकडा सांगितला होता. यंदा उन्हाळ्यात मागच्या सालापेक्षा दोन जास्त उघड्या पडल्या.